वायरमनबाईचं कुलूप

अठरा वर्षं मी लोकांच्या घरचे बोर्ड उघडून पोट भरते आहे. शिड्या चढले, माळ्यांवर सरपटले, कुबट पंपघरांत उतरले, एकदा तर शाळेच्या मनोऱ्यावरचं घड्याळ चालू करायला कमरेला दोर बांधून अर्धा दिवस लटकले. कधी नखाला धक्का लागला नाही. आणि मनगट मोडलं कुठे, तर स्वतःच्या खोलीत, सकाळी सात वाजता, एका पायावर उभी राहून मोजा घालताना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?" मी म्हटलं, "कामावर." शेजारी उभा असलेला माझा नवरा म्हणाला, "मोजा घालताना." माझा नवरा खोटं बोलत नाही. त्याच्यात दोष तसे बरेच आहेत, पण हा सगळ्यात त्रासदायक.

तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांचे डोळे तपासतो, मोहरीएवढे स्क्रू फिरवून चष्म्याच्या काड्या बसवतो, आणि दिवसभरात त्याचा हात एकदाही थरथरत नाही. पण करंट म्हटलं की त्याची गाळण उडते. दिव्याचं बटण तो कोपराने दाबतो. पाण्याची किटली लाकडी चमच्याने चालू करतो. अशा माणसाने वायरमनबाईशी लग्न कसं केलं, असं लोक त्याला विचारतात. तो सांगतो, "ती चष्मा घ्यायला आली होती. हातातली पक्कड मला दिसली नाही." डोळे तपासणारा माणूस हे सांगतो, आणि लोक त्याच्याकडेच डोळे तपासायला जातात.

रोज दुपारी एक वाजता, जेवायच्या सुट्टीत, त्याचा मला फोन येतो. मी कुठेही, कशातही अडकलेली असले तरी येतो.

"मेन बंद केलंस?"

"हो."

"कुलूप लावलंस?"

"हो."

संपलं. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, फोन ठेवून मोकळा.

हे कुलूप म्हणजे त्याने मला लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला दिलेली भेट. बोर्डातलं बटण खाली पाडलं की त्याच्यावर एक छोटा चिमटा बसवायचा आणि चिमट्याला तांबडं कुलूप घालायचं. मग किल्ली ज्याच्या खिशात त्याच्याशिवाय ते बटण कुणाला वर करता येत नाही. इतर बायकांना दहाव्या वाढदिवसाला काय मिळतं याबद्दल मी काही बोलत नाही. मी फक्त इतकंच सांगते की त्या दोन उत्तरांपैकी पहिलं 'हो' खरं असायचं.

मेन मी नेहमी बंद करते. टेस्टर लावल्याशिवाय कशालाही हात लावत नाही. पण कुलूप? घरमालकाला एकदा डोळे वटारून सांगितलं, "बोर्डाला हात लावलात तर याद राखा," की काम भागतं. माझा चेहरा बघून आजवर कुणी हात लावलेला नाही. कुलूप पिशवीच्या तळाशी पडलेलं असायचं, आणि मी सहा वर्षं 'हो' म्हणायचे. एवढ्याशा 'हो'ने त्याचा फोन लवकर संपायचा, माझं काम लवकर सुरू व्हायचं. यात कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं.

तर प्लास्टरचा दुसरा रविवार. सकाळी दहा वाजता मी डाव्या हाताने चहा पीत होते आणि मला तो वास आला. जळक्या प्लास्टिकचा. हा वास मी झोपेतसुद्धा ओळखते. स्वयंपाकघरात गेले तर ओव्हनचं सॉकेट काळं पडलेलं, एका कोपऱ्यात चक्क वितळलेलं. त्यात एक तीनतोंडी पिन खुपसलेली होती, आणि तिच्यात ओव्हन, मिक्सर आणि किटली असे तिघे गुण्यागोविंदाने नांदत होते. हा उद्योग सासूबाईंचा. पण त्या तेव्हा खालच्या मजल्यावर बिस्किटांचा डबा पोचवायला गेल्या होत्या, त्यामुळे ओरडायला समोर कुणी नव्हतं.

मी सरळ बाहेरच्या दारामागे गेले, तिथे आमच्या घराचा बोर्ड आहे, आणि स्वयंपाकघराचं बटण खाली पाडलं. फ्रिज गप्प झाला. मागच्या गॅलरीतलं कपड्यांचं मशीनही थांबलं. त्या क्षणी न्हाणीघरातून माझा धाकटा दीर टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

"वहिनी, मशीन का थांबलं?"

"सॉकेट जळलंय. आता बदलल्याशिवाय चालू होणार नाही."

"माझी पॅन्ट आहे आत."

दीर जिममध्ये शिकवतो. त्याच्याकडे अर्ध्या चड्ड्या अकरा आहेत आणि पॅन्ट एक. त्या दिवशी बाराला त्याला एका मुलीला भेटायचं होतं, आणि ती एकमेव पॅन्ट साबणाच्या पाण्यात, दार बंद झालेल्या मशीनमध्ये गोल फिरायची थांबली होती. तो काचेतून तिच्याकडे बघत उभा राहिला. मला त्याची दया आली, पण तेवढा वेळ नव्हता.

दुसरा वायरमन बोलवायचा तर आमच्या भागात एकच आहे. त्याला सगळे 'चालेल' म्हणतात, कारण स्क्रू सैल राहिला तरी तो म्हणतो, चालेल. त्याने केलेली कामं मी चार ठिकाणी उघडून पुन्हा केली आहेत. तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या सॉकेटला 'चालेल' म्हणणार, आणि सोमवारी गावभर सांगणार की वायरमनबाईंचं सॉकेट मी बदललं. हे मी प्लास्टरसकट मेले तरी होऊ दिलं नसतं. म्हणून मी कपाटातून नवं सॉकेट काढलं, जुन्याइतक्याच ताकदीचं, आणि डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. पहिल्याच प्रयत्नात तो माझ्या पायावर पडला.

"बाजूला हो," मागून नवरा म्हणाला. "मी करतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तू? अरे, तू किटली चमच्याने लावतोस."

"म्हणूनच. तू एका हाताने करणार आणि मी बघत बसणार, हे मला जमणार नाही. तू फक्त सांग. सांगशील तेवढंच करतो."

तो तयार व्हायला गेला आणि दहा मिनिटांनी आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. पायात गमबूट. अंगात रेनकोट. हातात भांडी घासायचे गुलाबी रबरी हातमोजे. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, आणि त्यावर कपाळाला दुकानातलं भिंग. दीर पॅन्टचं दुःख विसरून खाली बसला आणि हसायला लागला.

"हसू नकोस," नवरा म्हणाला. "वहिनी, सॉरी, अगं, सांग. पहिलं काय?"

घाबरला की तो मला वहिनी म्हणतो. लग्नातही एकदा म्हणाला होता.

मी म्हटलं, "पहिलं, टेस्टर. तो पेनासारखा नको, त्याच्यावर माझा विश्वास नाही. माझ्या पिशवीतला दोन वायरींचा घे. करंट असला की तो ओरडतो. आधी बाहेरच्या खोलीतल्या चालू सॉकेटमध्ये लाव. ओरडला म्हणजे टेस्टर चांगला आहे. मग इथे लाव. गप्प बसला म्हणजे सॉकेट मेलंय. मग परत बाहेर जाऊन ओरडतोय का बघ. मधल्यामध्ये टेस्टरच मेला असेल तर कळायला नको?"

माझ्या साध्यासुध्या माणसाला हे फार पटलं. तो बाहेर गेला, टेस्टर ओरडला. आत आला, गप्प. बाहेर गेला, ओरडला. आत आला, गप्प. बाहेर गेला. गमबूट वाजवत त्याने अशा चार फेऱ्या मारल्या.

"पुरे," मी म्हटलं.

"आणखी एकदा."

मग त्याने सॉकेटचे पुढून, डावीकडून आणि उजवीकडून फोटो काढले. दोन स्क्रू काढायला त्याने सात मिनिटं घेतली. प्रत्येक फेरा मोजला, प्रत्येक स्क्रू बशीत ठेवला आणि बशीवर झाकण ठेवलं. हातमोज्यांत स्क्रू सापडेना म्हणून ते मात्र काढावे लागले, आणि खरं सांगते, मोजे उतरल्यावर त्याची बोटं बघण्यासारखी चालत होती. माझ्या हाताखाली तीन मुलं शिकून गेली, पण इतक्या अलगद स्क्रू काढणारं कुणी नव्हतं.

"आता सॉकेट पुढे ओढ," मी म्हटलं.

"टेस्टर लावून."

"आत्ताच तर लावलास."

"आत्ताच नाही. स्क्रू काढायच्या आधी."

त्याने टेस्टर लावला, आणि टेस्टर ओरडला.

फ्रिजही घुरघुरायला लागला. गॅलरीत मशीन फिरू लागलं, आणि दीर आनंदाने म्हणाला, "आली, लाइट आली." नवरा मात्र हात वर करून भिंतीपासून तीन पावलं मागे गेला.

मी दाराकडे धावले. सासूबाई खालून आल्या होत्या आणि चपला काढत होत्या.

"बटण पडलं होतं," त्या म्हणाल्या. "मी उचललं."

चेहऱ्यावर काय तो अभिमान. आणि त्यांना बोलणार कशी? हे मीच शिकवलेलं. इतर घरांत बटण पडलं की लोक अंधारात बसून एकमेकांच्या नावाने हाका मारतात. वायरमनबाईच्या घरात असं चालणार नाही, म्हणून लग्न होऊन आल्यावर पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना दारामागे रांगेत उभं करून धडा दिला होता: बटण पडलेलं दिसलं तर घाबरायचं नाही, वर करायचं. तेव्हापासून या घरात खाली पडलेलं बटण कुणालाही बघवत नाही. जाता-येता, एका हातात भाजीची पिशवी असली तरी दुसऱ्या हाताने वर करतात. का पडलं असेल, हा विचार करायचा धडा द्यायला मी विसरले होते.

"आई, आत तुमचा मुलगा सॉकेट उघडून बसलाय."

सासूबाईंनी आत डोकावलं. "हा कोण?" त्या म्हणाल्या.

बटण मी पुन्हा पाडलं, आणि या वेळी पहारा बसवायचा ठरवलं. आमच्या घरात पहाऱ्यासाठी जन्मलेला एकच माणूस आहे, माझे सासरे. तेहतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. गाडी यायची वेळ झाली की फाटक पाडायचं, गेली की उघडायचं. त्यांच्या फाटकावर एकही अपघात झाला नाही हे ते आठवड्यातून दोनदा सांगतात, आणि दर वेळी खरंच असतं. मी त्यांना काम सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्र घडी करून उठले. लोखंडी पेटीतून तांबडा बावटा काढला, हिरवा काढला, गळ्यात शिट्टी अडकवली, मनगटावर घड्याळ चढवलं आणि बोर्डासमोर खुर्ची टाकून बसले.

"बाबा, कुणी कितीही सांगितलं तरी हे बटण वर जाता कामा नये."

"सूनबाई," ते म्हणाले, "मी मंत्र्यांची गाडी थांबवलेली आहे."

मी निर्धास्त झाले. आत येऊन नवऱ्याला म्हटलं, "चल, आता निवांत काम कर." त्याने आधी टेस्टरच्या दोन फेऱ्या मारल्या. बाहेर जाताना बाबा त्याला हिरवा बावटा दाखवत, आत जाताना तांबडा, आणि दर फेरीला शिट्टी. मग त्याने सॉकेट पुढे ओढलं. मागे तीन वायरी, लाल, काळी, हिरवी. लाल वायरीचं टोक जळून कडक झालेलं.

"फोटो काढ. मग स्क्रू ढिले करून वायरी सोडव. लाल वायरीचं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापायचं."

"किती कापायचं?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती मिलीमीटर?"

"अरे, तू कर तर सुरुवात."

त्याने खिशातून पट्टी काढली. पोहण्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती, तो काढून पुसला, उजेडात धरला, परत पुसला, घातला, डाव्या कानामागे घट्ट आहे का ते बघितलं. हे सगळं चाललं असताना बाहेरच्या खोलीत बोर्डासमोर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं.

सासूबाईंचं बिस्किटांचं दुसरं ताट तयार होतं, म्हणून त्या ताट घेऊन बाबांसमोर उभ्या राहिल्या. किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. बाबांनी तांबडा बावटा दाखवला. त्यांच्यामागे दीर टॉवेलवर येऊन उभा राहिला. साडेअकरा वाजले, तो म्हणाला. बाबा हलले नाहीत. सासूबाई पुटपुटायला लागल्या, ताट एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायला लागल्या. मग दिराला गंमत सुचली. त्याने हाताची नळी करून तोंडाला लावली आणि ट्रकच्या भोंग्यासारखा आवाज काढला.

बाबांच्या फाटकाचा एक नियम होता, त्यांचा स्वतःचा. अकरा मिनिटांच्या वर लोकांना खोळंबून ठेवायचं नाही. गाडी तेवढ्यात जातेच. तेहतीस वर्षं भोंगे ऐकत, शिव्या खात, घड्याळ बघत त्यांनी तो नियम पाळला होता. भोंगा वाजला तसं त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं झाली होती.

आत मी नवऱ्यावर वैतागले होते, कारण चष्मा पुसून झाल्यावर त्याने परत टेस्टर उचलला.

"आता जर तू टेस्टर लावलास ना," मी म्हटलं, "तर मी तो खिडकीतून फेकून देईन. बोर्डासमोर बाबा बसलेत. धर ती वायर आणि मोकळी कर."

बाहेर शिट्टी वाजली. सकाळपासून ती सारखीच वाजत होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

नवऱ्याचा हात वायरीपाशी गेला. दोन बोटं अंतर राहिलं असेल. मग तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रागावू नकोस. एकदाच."

टेस्टर ओरडला.

बाहेरून बाबांचा आवाज आला, "या, सावकाश या, एकेक करून."

मी जमिनीवरच बसले, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन. अठरा वर्षांत मी करंटला घाबरले नव्हते, पण त्या दिवशी घाबरले. त्याने माझं ऐकलं असतं तर? तो रोजच माझं ऐकतो. त्याने पहिल्यांदा माझं ऐकलं नाही म्हणून तो माझ्यासमोर पोहण्याच्या चष्म्यातून डोळे मिचकावत उभा होता.

बाहेर एकच गोंधळ उडाला. नियमाच्या सवयीने आपण बटण वर केलं हे बाबांच्या लक्षात आलं होतं आणि ते बोर्डाकडे तोंड करून, बटण पाडून, दोन्ही बावटे धरून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या फाटकावर," एवढंच ते म्हणत होते. सासूबाईंनी ताट खाली ठेवून त्यांना खुर्चीवर बसवलं. दीर टॉवेल सावरत दहा वेळा सॉरी म्हणाला.

नवरा मात्र शांत होता. मला हात देऊन त्याने उठवलं आणि म्हणाला, "यात बाबांची चूक नाही. माणूस बसवला की माणूस चुकतो. तुझं कुलूप आण. मी दिलेलं. पिशवीत असेल ना?"

"असेल," मी म्हटलं.

पिशवी समोरच होती, पण मी ती उचलली आणि न्हाणीघरात नेली. आतून कडी लावली. तळापर्यंत हात घातला आणि ते काढलं. कुलूप होतं. चिमटाही होता. दोन्ही दुकानातून आले तसेच, पुठ्ठ्यावर, वरून कडक प्लास्टिकच्या कवचात, कवचावर अजून त्याने चिकटवलेली छोटी निळी फीत. सहा वर्षं मी त्याचं पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं.

आधी मी ते फोडून टाकायचं आणि कवच खिडकीबाहेर फेकायचं असं ठरवलं. पण ही पाकिटं कोण बनवतं देव जाणे. डाव्या हाताने ओढलं, निघेना. बादलीच्या कडेवर आपटलं, निघेना. गुडघ्यांत धरून दाताने ओढलं, तर फक्त निळी फीत तोंडात आली. नळावर घासलं. दारात अडकवून बघितलं. दार खाडकन वाजलं, आणि बाहेरून दिराने विचारलं, "वहिनी, मदत हवी का?" मी म्हटलं, "नको." तोंडात फीत होती, त्यामुळे ते त्याला कळलं नसावं, कारण त्याने नवऱ्याला बोलवून आणलं.

मी कडी काढली. दुसरं काय करणार?

नवऱ्याने पोहण्याचा चष्मा कपाळावर सरकवला. पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या ओठाला चिकटलेली फीत बोटाने काढून खिशात ठेवली. मग चष्म्याच्या कामाची छोटी कात्री काढली आणि कवच एका बाजूने सरळ कापलं. हे करायला त्याला जेमतेम पाच सेकंद लागले असतील.

"एकदाही नाही?" त्याने विचारलं.

खोटं बोलायची सवय इतकी झाली होती की तेच तोंडापर्यंत आलं होतं. पण पुरावा त्याच्याच हातात होता.

"एकदाही नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, मी त्यात तरबेज आहे. तो म्हणाला, "दुकानात मी एक वाजता डबा काढून समोर ठेवतो. तुझं दुसरं 'हो' ऐकल्यावर झाकण उघडतो. त्याआधी घास जात नाही गं."

दोन बोटं अंतर माझ्या डोळ्यांसमोर होतं. तो गेली सहा वर्षं रोज एक वाजता तेच बघत होता, आणि मी त्याला घाईघाईत 'हो' म्हणून फोन ठेवत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे मी कितव्यांदा म्हटलं ते तो सांगू शकेल, कारण लग्न झाल्यापासून तीनच वेळा झालंय.

मग आम्ही दोघं बोर्डाकडे गेलो. अठरा वर्षांच्या अनुभवाची वायरमनबाई आणि तिला चिमटा कसा बसवायचा ते माहीत नाही, म्हणून पुठ्ठ्यामागची चित्रं बघावी लागली. सासूबाई वाचत होत्या, दीर चित्रावर बोट ठेवत होता, बाबा बावटे धरून सरळ उभे होते. चिमटा बसला. कुलूप टक् करून लागलं. किल्ली नवऱ्याने चष्म्याच्या दोरीला ओवून गळ्यात घातली.

त्यानंतर काम पंधरा मिनिटांत झालं. टेस्टर गप्प. लाल वायर कापली, दहा मिलीमीटर, पट्टीने मोजून. प्रत्येक वायर आपल्या जागी गेली, प्रत्येक स्क्रू घट्ट झाला, आणि मी सांगितल्याप्रमाणे त्याने एकेक वायर ओढून बघितली, सुटते का. नाही सुटली. सॉकेट आत बसवून प्लेट लावली. मग त्याने स्वतः कुलूप काढलं, स्वतः बटण वर केलं, आणि सॉकेटमध्ये आधी टेबलावरचा दिवा लावून बघितला. दिवा लागला. बाबांनी हिरवा बावटा दाखवला, पण शिट्टी त्यांनी त्या दिवशी परत वाजवली नाही. सासूबाईंची तीनतोंडी पिन मी कचऱ्यात टाकली. त्यांनी ती संध्याकाळी काढून घेतली, आणि मी परत टाकली.

मशीन चालू झालं, पण पॅन्ट बाराच्या आत सुकणं शक्य नव्हतं. दीर अर्ध्या चड्डीवरच गेला. मुलीने काय विचारलं ते त्याने सांगितलं नाही, पण पुढच्या रविवारीही तो अर्ध्या चड्डीवरच गेला.

चार आठवड्यांनी माझं प्लास्टर निघालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. एका पिठाच्या गिरणीत तीन सॉकेटं बदलायची होती. गिरणीवाला बोर्डापाशीच उभा होता. मी मेन बंद केलं, पिशवीतून कुलूप काढलं. बरोबर एक वाजता फोन वाजला.

"मेन बंद केलंस?"

"हो."

"कुलूप लावलंस?"

मी फोन बोर्डाजवळ धरला आणि कुलूप दाबलं. टक् असा आवाज झाला. गिरणीवाला माझ्याकडे बघायला लागला, त्याला काय बघायचं ते बघू दिलं.

पलीकडे डब्याचं झाकण उघडलं.